‘ऐच्छिक’ म्हणजे भरायचं की नाही भरायचं?

तापीकाठची

मंडळी, एक शब्द हवा आहे. छोटा, रकान्यात मावेल असा.

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या बायकांसाठी एका खोलीत वाचनालय सुरू केलंय. सभासद-अर्ज मीच बनवला, एका पानाचा. नाव, पत्ता, वय, शिक्षण, मोबाईल, कुठली पुस्तकं आवडतील. शिक्षण आणि मोबाईल या दोन रकान्यांपुढे कंसात ‘ऐच्छिक’ लिहिलं. कारण शिक्षण सांगताना काही जणी अवघडतात, आणि मोबाईल बऱ्याच घरांत एकच असतो, तोही नवऱ्याच्या खिशात.

पहिल्याच दिवशी शेजारच्या जिजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या. नातीनं अर्ज वाचून दाखवला : "मोबाईल, ऐच्छिक." जिजी म्हणाल्या, "ऐच्छिक? हाऊ कोनता मोबाईल शे?"

हसून झाल्यावर बाकीचे अर्ज पाहिले. सगळ्यांनी दोन्ही रकाने भरले होते. एकीनं तर शेजारणीचा नंबर टाकलेला. का, तर "छापेल शे म्हनजे भरनं पडस." म्हणजे माझ्या शब्दानं कुणालाच मोकळीक दिली नाही.

तर सांगा, ‘ऐच्छिक’ला असा शब्द कोणता, जो जिजींना नातीशिवाय कळेल?

पऱ्हाटी

वैकल्पिक?

तापीकाठची

@पऱ्हाटी, जिजी विचारतील, हा त्या ऐच्छिकचा धाकटा भाऊ का? :)

निवृत्त_मास्तर

वैकल्पिक नकोच. कळायला अवघड आहे म्हणून नाही, अर्थच वेगळा आहे म्हणून. ऐच्छिक म्हणजे करा किंवा करू नका. वैकल्पिक म्हणजे यातलं एक किंवा दुसरं, पण एक घ्यावंच लागेल. अकरावीत हा विषय किंवा तो, हे वैकल्पिक. दोन्ही सोडून घरी बसायची सोय त्यात नाही. कोशात हे दोन शब्द एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात, वर्गात ते वेगळे बसवावे लागतात.

तिसरा ‘पर्यायी’. तो तर आणखी लांबचा. पुलाचं काम निघालं की ‘पर्यायी रस्ता’ अशी पाटी लागते आणि आपण शेतातून धूळ खात जातो. त्यात कुणाची इच्छा विचारली जाते? एकच रस्ता उरलेला असतो, त्याचं नाव पर्यायी!

माझा या शब्दाशी पस्तीस वर्षांचा संबंध विज्ञानामुळे. खेड्यातल्या पोराला ‘ऐच्छिक’ पहिल्यांदा भेटतो तो स्नायूंच्या धड्यात. हातापायाचे ऐच्छिक, हृदयाचे अनैच्छिक. एका पोरानं पेपरात लिहिलं होतं, "अनैच्छिक स्नायू म्हणजे ज्यांची काम करायची इच्छा नसते ते." मी अर्धा मार्क दिला. खरं तर ज्याला जन्मभर सुट्टी नाही त्याची इच्छा नसणारच.

भुसावळ_जंक्शन

मास्तर, तुमच्या पोरांचा खरा शब्द विसरलात. ‘ऑप्शनला टाकणे’! "भूमितीचा तो धडा ऑप्शनला टाकला." मूळ अर्थ निवडणं, आणि आपण वापरतो सोडून देण्यासाठी. एवढा अस्सल मराठी वाक्प्रचार दुसरा नाही. मी नोकरी लागल्यावर व्यायाम ऑप्शनला टाकला, लग्नानंतर मित्र ऑप्शनला टाकले.

आणि स्पर्धा परीक्षावाल्यांचं उलटं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून एकच वैकल्पिक विषय राहिला, आधी दोन असायचे. त्याचे दोन पेपर, पाचशे गुण. जळगावच्या अभ्यासिकेत जाऊन विचारा, "तुझा ऑप्शनल काय?" हा प्रश्न तिथं आडनाव विचारावं तसा विचारतात. नाव ऑप्शनल, पण त्याच्यावाचून परीक्षाच होत नाही. मास्तरांचं म्हणणं बरोबर : ते वैकल्पिक, ऐच्छिक नव्हे.

हिरवं_वांगं

धागा चांगला आहे. पाककृतीवाल्यांकडून शिका. ‘मीठ चवीनुसार.’ कुणी अडतं का? ‘आवडीनुसार’ लिहा.

जाता जाता : भरितात कांद्याची पात आवडीनुसार, शेंगदाणे आवडीनुसार, मिरची ज्याच्या त्याच्या पोटानुसार. वांगं पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायचं की गॅसवर, हे मात्र आवडीनुसार नाही. आणि टोमॅटो घालणाऱ्याशी मी बोलत नाही.

तापीकाठची

"मोबाईल क्रमांक, आवडीनुसार." आमच्या गटातल्या दोघी तिघी खरंच आवडता नंबर लिहून देतील हो.

पऱ्हाटी

@हिरवं_वांगं, आमच्याकडे टोमॅटो घालतात. ज्याची त्याची मर्जी.

हिरवं_वांगं

हे ‘ज्याची त्याची मर्जी’ म्हणताना तुमचा चेहरा कसा झाला असेल तो मला इथून दिसला.

उधनाकर

मर्जी निघालीच आहे म्हणून लिहितो. मी मूळ नंदुरबारकडचा, वीस वर्षं सुरतेत. उधना, लिंबायतला या, निम्मं खानदेश तिथंच सापडेल. तिकडं मुलांच्या शाळेचे कागद गुजरातीत येतात, त्यात दोन शब्द नेहमी जोडीनं : ‘फरजियात’ आणि ‘मरजियात’. फरजियात म्हणजे करावंच लागेल, मरजियात म्हणजे तुमच्या मर्जीवर. यमक जुळतं, एका दमात पाठ होतं. स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारा कायदा तिकडं झाला, त्यालाही सगळे ‘फरजियात मतदान’च म्हणायचे. २०१५ मध्ये हायकोर्टानं त्याला स्थगिती दिली. तेव्हा आमच्या कारखान्यातला एक जण म्हणाला, "चला, मतदान परत मरजियात."

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. इकडच्या टोकाला ऐच्छिक आणि तिकडच्या टोकाला मरजियात. चार पावलांत शब्द सोपा होतो. आपण का नाही घेत?

शब्दखोड

उधनाकर, शब्द गोड आहे, पण मराठीत मर्जीचा स्वभाव वेगळा पडला.

मर्जी अरबीतून फारसीमार्गे आली. तिचं मूळ ‘राजी’चंच. राजी, मर्जी आणि रजा, तिघी एकाच धातूच्या लेकी. अर्थ संतोष, संमती. रजा म्हणजे मुळात परवानगी. दरबारातून ‘रजा घेऊन’ निघायचे, म्हणजे जायची संमती घेऊन. आता आपण ती नैमित्तिक आणि अर्जित अशी मोजतो.

चौथा भाऊ राजीनामा. शब्दाप्रमाणे तो संमतिपत्र. हिंदीत अजूनही राज़ीनामा म्हणजे समझोता, नोकरी सोडायची तर तिथं इस्तीफ़ा. आपल्याकडे नोकरी सोडण्यावर तो कसा गेला, याची एक खूण जुन्या महसुली कागदांत आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या काळात शेतकरी जमीन सोडताना ‘राजीनामा’ लिहून द्यायचा आणि पुढचा घेणारा ‘कबुलायत’. ‘मी राजीखुशीनं सोडतोय’ असं लिहून देणं. राजीखुशी किती असायची ते त्या वर्षीच्या पावसाला विचारा.

आता मराठीतली मर्जी बघा. मर्जी राखणे, मर्जी सांभाळणे, मर्जीतला माणूस, मर्जी फिरली, मर्जी खप्पा झाली. यातली एक तरी मर्जी आपली स्वतःची आहे का? सगळ्या वरच्याच्या. मराठीत मर्जी साहेबाला असते, आपल्याला असते ती फार तर ‘तुझी मर्जी’ या दोन शब्दांत, आणि तीही समोरचा रुसल्यावर.

आखाजी

@शब्दखोड, अगदी. माझी आई "तुनी मर्जी" म्हणाली की आम्ही बहिणी ती गोष्ट करायचं सोडून द्यायचो. परवानगी दिल्याचे शब्द आणि दार लावल्याचा आवाज.

भुसावळ_जंक्शन

"खुशाल जा"चंही तेच. आनंदात जा असा अर्थ होता म्हणे. आता कुणी खुशाल जा म्हटलं तर मी चप्पल काढून परत आत बसतो.

कोर्टकचेरी

वकील आहे, त्यामुळे रुक्ष लिहिणार.

मराठी कायद्यांत इच्छेचा शब्द फारसा नसतो, क्रियापदच ते काम करतं. "अधिकारी आदेश काढील" म्हणजे काढायलाच हवा. "अधिकाऱ्यास आदेश काढता येईल" म्हणजे काढेल किंवा नाही काढणार. ‘करील’ आणि ‘करता येईल’, एवढ्या फरकावर वर्षानुवर्षं खटले चालतात. त्यातही कधी कधी न्यायालय म्हणतं की इथं ‘करता येईल’ असं लिहिलं असलं तरी संदर्भ पाहता ते ‘करील’च समजा. म्हणजे छापील मोकळीकसुद्धा पक्की नसते.

दुसरं, ‘स्वेच्छाधिकार’. मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकार कोट्यातली घरं आठवतात ना? तिथं इच्छा देणाऱ्याची. ‘ऐच्छिक’मध्ये इच्छा भरणाऱ्याची. काही जण ‘विवेकाधीन’ म्हणतात. मला तो शब्द आवडतो, कारण निदान विवेकाची आठवण तरी करून देतो. पण अर्जात नका टाकू, जिजी तुम्हाला हाकलतील.

केळीबाग

मी शेतकरी माणूस. केळी आणि कापूस. शब्दांचं मला फार कळत नाही, पण ‘ऐच्छिक’नं मला एकदा चांगलंच शिकवलं, ते सांगतो.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ ला आली तेव्हा पीककर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता. कर्ज काढलं की हप्ता कापला. मग २०२० च्या खरिपापासून जाहीर झालं की आता कर्जदारालासुद्धा विमा ऐच्छिक. पेपरात मोठ्या अक्षरात आलं. आमच्या पारावर वाचून दाखवलं. सगळे म्हणाले, बरं झालं, ज्याला काढायचा तो काढेल.

मी गप्प बसलो. मला त्या वर्षी कपाशीचा काढायचा नव्हता, मनात म्हटलं, ऐच्छिक आहे, आपण काही केलं नाही म्हणजे नाही काढला. आणि हप्ता कापला गेला.

जिथून कर्ज काढलं तिथं जाऊन विचारलं. साहेब चांगले होते, त्यांनी नियम दाखवला. कर्जदाराला विमा नको असेल तर मुदतीच्या किमान सात दिवस आधी तसं लेखी द्यायचं. दिलं नाही तर तुम्ही हो म्हणालात असं धरलं जाणार. बिगर-कर्जदाराचं उलटं. त्यानं काही केलं नाही तर नाही.

म्हणजे बघा, एकाच योजनेत, एकाच पारावर बसलेले आम्ही दोन भाऊ. दोघांनाही ऐच्छिक. दोघंही गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ ‘हो’, धाकट्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘नाही’. शब्द एकच!

विम्याला मी वाईट म्हणत नाही, नंतरच्या एका वर्षी उपयोग झाला. पण ताई, तुमच्या अर्जाचा घोळ हाच आहे. ऐच्छिक म्हटलं की आपलं गप्प बसणं कुठल्या खात्यात जमा होणार हे त्या शब्दात लिहिलेलं नसतं.

तापीकाठची

भाऊ, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी शब्दच शोधत बसले होते. कोरं सोडलं तर काय होईल ते मी अर्जात कुठंच लिहिलं नाहीये, हे आत्ता लक्षात आलं.

व्याकरणकिडा

केळीबाग यांनी जे पारावर बसून पकडलं ते पाणिनीनं सूत्रांत पकडलं होतं असं म्हणणारे आहेत. कंटाळा आला तर पुढं सरका.

अष्टाध्यायीत अनेक नियम ‘केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल’ या जातीचे. त्यासाठी पाणिनी मुख्यतः तीन शब्द वापरतो : ‘वा’, ‘विभाषा’, ‘अन्यतरस्याम्’. परंपरा सांगते की तिन्ही समानार्थी, तिन्ही म्हणजे विकल्प. १९७९ मध्ये पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञानं वेगळंच मांडलं. एवढा काटकसरी माणूस, जो अर्धी मात्रा वाचवण्यासाठी धडपडतो, तो एकाच अर्थाला तीन शब्द का ठेवील? त्याच्या मते ‘वा’ म्हणजे शक्यतो करा, ‘विभाषा’ म्हणजे शक्यतो नको, आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे खरंच कुठलंही. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही, वाद आहेत. पण कल्पना सुंदर आहे. मोकळीक तीन प्रकारची : ढकलणारी, अडवणारी आणि खरीखुरी.

विभाषेची व्याख्या करणारं सूत्र तर फारच गोड : "न वेति विभाषा." ‘नाही’ आणि ‘किंवा’ मिळून विभाषा. तुमच्या आईचं "तुनी मर्जी" (@आखाजी) ही शुद्ध विभाषा आहे.

आखाजी

आई आता नाही. असती तर पाणिनीला म्हणाली असती, एवढं तीन शब्द कशाला, तोंड वाचता येत नही का.

पांझराकाठ

धुळ्याहून. व्याकरणकिडा यांच्या तीन पायऱ्या वाचून आमच्याकडच्या आठवल्या. फर्ज, सुन्नत, नफील. पाच वेळची नमाज फर्ज, ती करायचीच. नफील म्हणजे पढली तर पुण्य, नाही पढली तर गुन्हा नाही. पूर्ण खुशीचा मामला. मधली सुन्नत, तिच्यातही एक ताकीद असलेली, जी सवयीनं सोडली तर बोल लागतो. लहानपणी मदरशात मी उस्तादांना विचारलं होतं, "म्हणजे ही सोडली तर चालेल का?" ते म्हणाले, "तू विचारतोयस म्हणजे तुला सोडायचीच आहे." उत्तर दिलंच नाही.

उधनाकरांच्या ‘फरजियात’मधला फरज तोच हा.

निवृत्त_मास्तर

आणि आपल्या धर्मशास्त्रात नित्य, नैमित्तिक, काम्य. नित्य रोजचं. नैमित्तिक काही निमित्त घडलं तर. काम्य म्हणजे काही हवं असेल तरच करायचं, नाही केलं तर दोष नाही. आपल्या नैमित्तिक रजेचा शब्द तिथलाच, फक्त निमित्त आता लग्नाचं असतं किंवा मॅचचं.

नवस हे काम्यच. कानबाईला नवस बोलायचा की नाही हे तुमच्यावर. पण एकदा बोललात की फेडायचा. आमच्या गल्लीत एकानं नवस बोलून चार वर्षं टाळला. देवी काही बोलली नाही, पण गल्ली दर श्रावणात बोलायची.

पऱ्हाटी

वर्गणीवर कुणीच कसं लिहिलं नाही? पावतीवर छापलेलं ‘स्वेच्छा वर्गणी’ आणि पेनानं आधीच भरलेलं ‘रु. ५०१’.

हिरवं_वांगं

आणि त्या वर "फूल ना फुलाची पाकळी द्या." पाकळीचा भाव पाचशे एक.

भुसावळ_जंक्शन

स्वेच्छेवरून. माझ्या मामांना ‘स्वेच्छानिवृत्ती’ मिळाली. सरकारी नोकरीत वीस वर्षं झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन माणूस खरंच स्वतःहून निघू शकतो. पण मामा गिरणीत. गिरण्यांच्या गावात लोक काय म्हणतात ते ऐका : "त्याला व्हीआरएस दिली." घेतली नाही, दिली. स्वेच्छा दुसऱ्यानं दिलेली! लोक क्रियापदात खरं बोलून जातात.

आखाजी

मग मीही एक लिहिते. बरेच दिवस मनात आहे.

माझ्या लग्नाची बोलणी. आमच्या पडवीत सतरंजी टाकलेली. आबा, काका, मामा एका बाजूला, ती मंडळी एका बाजूला. चहा झाला. आबांनी हात जोडून विचारलं, तुमची काही अपेक्षा? त्यांच्यातले मोठे म्हणाले, "आम्हनं मांगनं काही नही. तुम्हनी खुशी." सगळे हसले. वातावरण मोकळं झालं. मी आतून ऐकत होते, मलाही बरं वाटलं.

त्या रात्री आबा झोपले नाहीत. कारण मागितलं असतं तर आकडा कळला असता. आकड्याशी भांडता येतं, कमी करता येतो, नाही म्हणून उठता येतं. खुशीशी कसं भांडणार? खुशी किती तोळ्यांची असते? मग काका बोलले, त्या मंडळींच्या मोठ्या सुनेच्या वेळी किती घातलं होतं ते काढा. काढलं. तेवढी आमची खुशी ठरली. वर थोडी हौस. "मुलीला हौसेनं काय घालायचं ते घाला," हेही कुणीतरी बोललंच होतं.

माझ्या सासरच्यांनी नंतर कधी त्रास दिला नाही, चांगली माणसं आहेत. त्यांना आजही वाटतं की त्यांनी काही मागितलं नव्हतं. आणि ते खोटंही नाही. पण आबांनी त्या वर्षी बोरीकाठचं एक शेत विकलं.

त्यामुळे मला ‘खुशी’ हा शब्द अर्जात नको वाटतो. ताई, ‘खुशीनं भरा’ असं कुणी सुचवायच्या आत लिहिलं.

तापीकाठची

आखाजीताई, काय बोलू. ‘खुशीनं’ माझ्या यादीत दुसऱ्या नंबरला होता. खोडला.

कोर्टकचेरी

आखाजीताईंनी लिहिलं ते कायद्यालाही नेमकं तिथंच अडतं. १९६१ चा हुंडाबंदी कायदा घेणं, देणं आणि मागणं तिन्हीवर बोट ठेवतो, पण ‘कोणतीही मागणी न होता’ दिलेल्या भेटींना त्यात सूट आहे. त्यांची यादी ठेवायची, १९८५ चे नियम तसं सांगतात. यादी करणारं एकही लग्न मी पाहिलेलं नाही. आणि मागणी झाली नाही हे दाखवायला "तुम्हनी खुशी" यापेक्षा चांगलं वाक्य कुठल्याही वकिलाला सुचलं नसतं.

शब्दखोड

एक निरीक्षण नोंदवतो. मराठीत इच्छेनं वागण्याचे शब्द फार काळ निर्मळ राहत नाहीत. ‘स्वैर’ म्हणजे मुळात आपल्या इच्छेनं चालणारा, आता त्याच्या मागं आचार लागून स्वैराचार. ‘मनमानी’ म्हणजे मनाला मानलेलं, आता ती फक्त अधिकारी आणि रिक्षावाले करतात. ‘वाटेल ते’ बोलणारा माणूस कधी चांगलं बोलल्याचं ऐकलंय? ‘यथेच्छ’ म्हणजे इच्छेप्रमाणे, पण "यथेच्छ जेवला" म्हणजे दोन पोळ्या खाऊन उठला असं कुणी समजत नाही. एकतर बदनामी, नाहीतर अतिरेक. मधल्या साध्या इच्छेला शब्द हवा म्हणून सरकारी कागदांनी संस्कृतातून ‘ऐच्छिक’ उचलला असावा, असा माझा अंदाज. कोरा होता, कुणाचा हात लागलेला नव्हता. म्हणून निर्मळ, आणि म्हणूनच जिजींना परका.

शुद्धलेखनप्रेमी

चर्चा रंजक आहे. पण सरकारनं १९६० साली भाषा संचालनालय काढलं ते उगाच का? शब्द ठरलेले आहेत. ऐच्छिक हा ठरलेला शब्द आहे. लोकांना तो शिकवावा, प्रत्येकासाठी अर्ज बदलत बसू नये. उद्या अहिराणीत अर्ज छापाल.

पऱ्हाटी

छापू की. अडचण काय?

निवृत्त_मास्तर

@शुद्धलेखनप्रेमी, शिकवायला मी पस्तीस वर्षं दिली, अजूनही देईन. पण जिजी पुस्तक घ्यायला आल्या आहेत, शब्द शिकायला नाही. आधी पुस्तक हातात पडू द्या.

शुद्धलेखनप्रेमी

मास्तरांचा मान ठेवून गप्प बसतो. (केळीबाग यांच्या नियमानं माझं गप्प बसणं ‘हो’ धरू नये.)

केळीबाग

लेखी द्या. सात दिवस आधी.

तापीकाठची

आठवड्यानं परत आले. अर्जाचे तीन कच्चे नमुने हातानं लिहून गटाच्या बैठकीत वाटले. काय झालं ते सांगते.

पहिला नमुना : "मोबाईल (मनात असेल तर)". सगळ्यांना कळलं. पण मोबाईल नसलेल्या एक काकू म्हणाल्या, "मनम्हान भलता शे व माय, पन कोन घी दी?" (मनात खूप आहे, पण घेऊन कोण देईल?) हशा. माझ्या शब्दानं नंबर विचारण्याऐवजी मोबाईलची इच्छा विचारली.

दुसरा : "द्यायचा असेल तर द्या". हाही कळला. भरणाऱ्या मात्र एकमेकींच्या कागदाकडे बघत होत्या. पहिलीनं दिला, मग दुसरीनं दिला, मग सगळ्यांनी दिला. आखाजीताईंच्या पडवीतली खुशी मला तिथं बसलेली दिसली.

तिसरा केळीबाग भाऊंच्या सांगण्यावरून : "मोबाईल क्रमांक. कोरा सोडला तरी पुस्तक मिळेल." रकाना मोठा करावा लागला, ओळ दोन ठिकाणी मोडली, दिसायला काही खास नाही. जिजींनी नातीला दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "कोरं सोडं तं चाली? परत तं नही धाडतीन?" म्हटलं, नाही धाडणार. तरी त्यांनी खात्री म्हणून आधी पुस्तक मागितलं. दिलं. पुस्तक पदराखाली घेतलं आणि मग अर्ज पुढं सरकवला, मोबाईल कोरा, शिक्षण कोरं.

शिक्षणाच्या रकान्यात नंतर परत येऊन त्यांनी नातीकडून लिहून घेतलं : "दुसरी नापास." म्हणाल्या, आते लिख. कोणी विचारलं नव्हतं.

आखाजी

पुस्तक कोणतं नेलं जिजींनी?

तापीकाठची

पाककृतींचं. मोठ्या अक्षरातलं. काल परत करायला आल्या, म्हणे भरिताच्या पानावर चूक आहे, टोमॅटो लिहिलाय.

हिरवं_वांगं

जिजींना माझा नंबर द्या. ऐच्छिक नाही, फरजियात.